हात खाली

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही म्हणून वही घेऊन बसले.

आज कॉलेजच्या क्वायरच्या, म्हणजे समूहगानाच्या, तालमीत आमच्या संचालकांनी माझ्याकडे बघून हात खाली केला. तळवा जमिनीकडे, लहान मुलाला ‘बस, बस’ म्हणतात ना, तसा. तोंडाने काही बोलले नाहीत. उलट हसले, आणि गाणं पुढे गेलं. चाळीस माणसांत कोणाच्या ध्यानातही आलं नसेल. मला मात्र त्यानंतरचं एक अक्षर आठवत नाही.

आमच्या भजनी मंडळात मी पस्तीस वर्षं धृपद धरलं. ‘ताई, तुम्ही उचला, म्हणजे आम्हाला सूर सापडतो,’ असं सगळ्याजणी म्हणायच्या. काकड्याला माईक बंद पडला तरी माझा आवाज देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचायचा. काळी चार, खणखणीत. कधी कोणी म्हटलं नाही की जरा हळू. आणि आता चौसष्टाव्या वर्षी, परक्या देशात, एका तळहाताने सांगावं की तुमचा आवाज जास्त होतोय.

गाडीत लेकीला सांगितलं. ‘आई, ते सगळ्यांनाच करतात गं.’ तिचं खरं आहे. पण ती दिवसभर दमलेली होती, सिग्नलकडे बघत बोलली, आणि मी पुढचं गिळलं. हे असते तर काही न बोलता चहा टाकला असता. असो.

मी तिथे जाते ते मनापासून जाते, म्हणून लागलं एवढं. ओहायोत साठी उलटलेल्या रहिवाशांना सरकारी कॉलेजात, जागा उरली असेल तर, फुकट बसता येतं. मार्क नाहीत, परीक्षा नाही. लेकीनेच फॉर्म भरला होता. आमचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे वसतिगृह वगैरे काही नाही, सगळे घरून येणारे. नर्सिंग शिकणाऱ्या मुली, वेल्डिंगचा वर्ग आटपून तसाच येणारा एक दांडगा मुलगा, दोन वर्षं इथे स्वस्तात काढून मोठ्या विद्यापीठात जाऊ बघणारी पोरं, आणि आम्ही चौघी पांढऱ्या केसांच्या. अशा प्रकारचं पहिलं कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं, ते अजून चालू आहे. ज्याला शिकायचंय त्याला दार उघडं, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते.

संगीत विभागाच्या बोळात एक काचेचं कपाट आहे. त्यात क्वायरच्या जुन्या दौऱ्यांचे फोटो. बसच्या दारात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये. साल लिहिलेलं नसलं तरी कॉलरवरून आणि केसांवरून दशक कळतं. एका फोटोत सगळे पावसात चिंब भिजलेत आणि फोल्डर तेवढे कोटाच्या आत धरलेत. मी दर वेळी तिथे थांबते. मला त्या कपाटात यायचं आहे. लिहून टाकलं एकदाचं.

एप्रिलमध्ये आमचा दौरा आहे: सिनसिनाटी, कोलंबस, ओबर्लिन. हा रस्ता मुद्दाम धरलाय, कारण फिस्क शाळेची गाणारी मुलं ओहायोतून अशीच फिरली होती.

त्यांच्याबद्दल मला वर्षापूर्वी काही माहीत नव्हतं. नॅशव्हिलची फिस्क शाळा १८६६ साली सुरू झाली, लष्करी दवाखान्याच्या जुन्या बराकींत, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी. पाच वर्षांत पैसे संपले. खजिनदार जॉर्ज व्हाइट मुलांना गाणंही शिकवायचे. त्यांनी नऊजणांना घेतलं आणि ६ ऑक्टोबर १८७१ ला ते दौऱ्यावर निघाले. बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले. पेटीला, म्हणजे पियानोला, एला शेपर्ड. दोनच दिवसांनी शिकागोत मोठी आग लागली. या पोरांच्या अंगावर धड गरम कपडे नव्हते, हॉटेलवाले दारातून परत पाठवत होते, आणि सुरुवातीच्या एका कार्यक्रमाचे जे पन्नासेक डॉलर जमले ते त्यांनी शिकागोच्या जळीतग्रस्तांना देऊन टाकले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

कोलंबसमध्ये व्हाइटनी त्यांचं नाव ठेवलं ‘ज्युबिली सिंगर्स’. बायबलमध्ये दर पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळं करायचं असतं, ते ज्युबिली वर्ष. पुढे कर्ज फिटलं, जागा घेतली, १८७३ ला इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायले, आणि गाण्याच्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला. तो आजही नॅशव्हिलला आहे. १८७३! त्याच वर्षी आपल्या पुण्यात जोतिरावांची ‘गुलामगिरी’ निघाली आणि ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. पुढे ज्युबिली सिंगर्समधल्याच फ्रेडरिक लाउडिननी नवा संच बांधून जगाचा दौरा काढला. १८९० च्या आसपास ते हिंदुस्थानात आले होते, ताजमहालात गायले. जोतिराव तेव्हा पुण्यात आजारी होते. त्यांच्या कानावर ते सूर पडायला हवे होते, असं मला फार वाटतं.

भरकटले. तो हात.

आज नेमकं ‘स्टील अवे’, गुलामांचं एक भक्तिगीत, चालू होतं. सुरुवातीची ओळ. फिस्कच्या मुलांच्या कार्यक्रमात आधी ही असली गाणी नव्हतीच. साहेबी मैफलीची गाणी गायचे, आणि लोक येत नव्हते. आईबापांची ही गाणी ते दार लावून, आपल्याआपल्यांत म्हणायचे. गुलामगिरीची आठवण आणि देवाचं गाणं, चारचौघांत कसं म्हणायचं? मला हे लगेच समजलं. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी कधी मंडळातसुद्धा म्हटल्या नाहीत. मग नोव्हेंबरात ओबर्लिनला पाद्र्यांच्या मोठ्या सभेत लोक बोलत, येत-जात असताना त्यांनी हे गाणं हलकेच सुरू केलं, आणि सभा गप्प झाली.

हलकेच. त्यांची ख्यातीच ती होती. जोरात गाऊन नव्हे, इतकं हळू गाऊन की शेवटच्या बाकावरच्या माणसाने श्वास धरावा.

मग मी आज काय केलं? मी धृपद उचललं. पस्तीस वर्षांची सवय. आम्हा आल्टोंना, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांना, त्या ओळीत जवळजवळ एकच सूर आहे, चाल सोप्रानोंकडे, म्हणजे उंच आवाजाच्यांकडे. मी माझ्या कागदावर स्वरांच्या डोक्यावर पेन्सिलीने सा रे ग लिहून ठेवलंय आणि त्या एका ‘ग’वर सगळं बळ लावून उभी राहिले. शेजारची नर्सिंगची मुलगी गात होती की नाही हे मला सांगता येणार नाही. म्हणजे ती गात असणारच. मी ऐकलं नाही.

ऐकलं नाही, हे लिहिताना आता जास्त लागलं, हातापेक्षा.

श्वासाचंही तसंच. आपल्याकडे ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतो, टाळ तेवढा चालू राहतो. इथे प्रत्येकाने वेगळ्या जागी घ्यायचा, चोरून, म्हणजे ओळ तुटत नाही. माझा संपला तर तिचा चालू असतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते लबाडीसारखं वाटलं होतं. गेल्या महिन्यात एकदा जमलं, मी थांबले तरी सूर माझ्या दोन्ही बाजूंनी चालूच राहिला. अंगावर काटा आला होता. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

आत्ता स्वयंपाकघरात दिवा न लावता म्हणून बघितलं. फ्रिजच्या घरघरीला सा मानून. मोठ्याने गाणं मला येतं. हळू गाताना सूर उतरतो, पोट सुटतं, गळा आखडतो. चौथ्या खेपेला जरा टिकला. आवाज दाबणं वेगळं आणि हळू गाणं वेगळं, हे आजच कळलं. तरी त्यांनी हात सगळ्यांसमोर करायला नको होता, असं अजून वाटतंच.

कागदावर त्या ‘ग’च्या खाली पेन्सिलीने शेजारणीच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. तिथे तिला ऐकायचं.

दौऱ्याला सगळ्यांनी पायघोळ काळे कपडे घालायचेत. माझ्याकडे काळं एकच आहे, आईची चंद्रकळा, संक्रांतीला नेसते ती. गेल्या महिन्यातच घडी घालून ठेवली. काठ लाल आहे, बोटभर. तो चालेल का, हे गुरुवारी त्यांना विचारायचं.