मानेवरच्या चामखिळी आणि ते बाहेरचं बाकडं

मानेवर सात-आठ चामखिळी होत्या, कॉलर घासून दोनदा रक्त आलं तेव्हा बायकोनेच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. मॅडमनी बघितलं, म्हणाल्या सुन्न करायचं क्रीम लावून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सुईने, जाळून टाकू, शनिवारी या. इथपर्यंत सगळं छान.

शनिवारी मी उपाशी गेलो. ऑपरेशन म्हणजे काही खायचं नाही असं आपलं डोक्यात, आणि खाऊन या असं कोणी सांगितलंही नाही. इंदूरात सकाळी पोहे-जिरावन न खाता घराबाहेर पडलो, तिथेच चुकलं.

मानेला क्रीम थापलं, वर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि "बाहर बैठिए". किती वेळ? काउंटरवर तीनदा विचारलं, तिन्हीदा "बस पाँच मिनट". माझ्यामागून आलेले दोघं आत जाऊन बाहेरही आले. मला वाटलं विसरले हे लोक. नंतर कळलं की त्या क्रीमला नीट असर करायला साधारण तासभर लागतोच, प्लास्टिकही त्यासाठीच लावतात. अहो मग तासभर म्हणा ना! मोबाईलवर मॅच बघत निवांत बसलो असतो.

त्यात बाकडं बरोबर त्या खोलीच्या दाराला लागून. आतून टींऽऽ असा आवाज, मग बारीक चर्र, आणि मग वास, गॅस पेटवताना हाताचे केस जळतात ना, तस्सा. माझे हात गार, तोंड कोरडं, डोळ्यांपुढे काजवे. शेजारी एक आजोबा होते, मराठीच निघाले, रामबागेतले. म्हणाले, "अहो, डोकं खाली घाला आधी." मग पिशवीतून शेवेची पुडी काढली. "खा. एवढ्याशा कामाला उपास कसला करता?" दोन मुठी शेव आणि पाणी पोटात गेलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

आतलं काम जेमतेम दहा मिनिटांचं. सिस्टर मात्र हुशार, आधी आडवं केलं (चक्कर येणाऱ्यांनी बसून करूच नका), मग प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, अब आवाज़ आएगी, अब बास आएगी, दर्द हो तो हाथ उठाना. मी दोनदा हात उठवला, दोन्ही वेळा मॅडम खरंच थांबल्या. त्यानंतर उठवावासाच वाटला नाही. एक चामखीळ जाड होती, तिला इंजेक्शन लागलं, ते चांगलंच झोंबलं, पण मॅडम औषध अगदी हळूहळू सोडत होत्या आणि सिस्टर खांद्यावर टकटक करत सराफ्यात (इथली रात्रीची खाऊगल्ली) काय खाता ते विचारत होती, भुट्ट्याच्या किसापर्यंत पोचलो तोवर झालंसुद्धा.

हां, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, आयत्या वेळी नको. खपल्या आपोआप पडतात, नखाने काढू नका. आणि बटणाचा शर्ट घाला, मी टी-शर्ट घालून गेलो आणि निम्मं क्रीम त्याच्या गळ्याला पुसलं गेलं.