तुम्ही विचारलंत म्हणून: भारीतला कनेक्टर कोणता?

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर वायरलेसवर बोलण्याचा, नाद आहे आणि गणपतीत मंडळांच्या कॅमेऱ्यांचं कामही करतो. त्यामुळे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, निघालेल्यांचे फोन येतात: "काका, कनेक्टर कोणता घेऊ? भारीतला सांगा." कनेक्टर म्हणजे सिग्नलच्या केबलचं (मधे तार, भोवती धातूची जाळी) टोक यंत्राला लावायचा जोड.

दुकानात भारी वाटतो तो रेडिओ-अँटेनाचा पीएल-२५९. वजनदार, जाड पिन, आट्यांची टोपी. रचना १९३० च्या दशकातली. पण त्यात पिन आणि कवच यांच्या जाडीचं प्रमाण केबलसारखं राखलेलं नाही, म्हणून सिग्नल तिथे अडखळतो आणि थोडा परत फिरतो. ३० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या खाली लहर इतकी लांब असते की जोडाचा एवढासा तुकडा तिच्या खिजगणतीत नसतो. तिथे खुशाल वापरा. १४४ मेगाहर्ट्झला चालवून घेतो. त्यापुढे मी लावत नाही.

याउलट डिशच्या वायरीचा तो फुटकळ एफ कनेक्टर! केबलची मधली तार हीच त्याची पिन. म्हणूनच स्वस्त, आणि म्हणूनच ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल बिनतक्रार नेतो. त्याचं वैर पाण्याशी. तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असते, आणि आपल्याकडची खारी हवा मुलामा कुठे उडालाय ते शोधून काढते. पाणी एकदा जाळीत शिरलं की वातीत तेल चढावं तसं केबलभर पसरतं. मग नुसता कनेक्टर बदलून भागत नाही, केबलच कापावी लागते.

म्हणून गच्चीवरच्या अँटेनासाठी माझं मत एन टाइप कनेक्टरला. आत रबरी वॉशर असतो. तरी वरून रबर टेप लावतोच, तीही खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी थरांवरून ओघळून जातं. महाग आहे आणि बसवायला वेळखाऊ. पण जूनमध्ये गच्चीवर चढण्यापेक्षा परवडतं.

मंडळांच्या कॅमेऱ्यांच्या व्हिडिओला बीएनसी कनेक्टर. गर्दीत पाय अडकला की एचडीएमआय सटकते आणि एलईडी भिंत ऐन आरतीत काळी पडते. बीएनसी पाव फेरा फिरवून अडकवली की सुटत नाही. तोटाही तोच: वायर ओढली गेली तर कॅमेरा ट्रायपॉडसकट येतो. तेव्हा वायर आधी ट्रायपॉडच्या पायाला बांधायची, मग कॅमेऱ्याला लावायची.

आरसीए, म्हणजे लाल-पिवळ्या-पांढऱ्या टोकांचा, घरच्या टीव्हीपुरता ठीक. त्यात पिन आधी टेकते, कवच नंतर. चालू अ‍ॅम्प्लिफायरला लावलात तर स्पीकर असा घुमेल की शेजारी दार वाजवतील.

आणि हो, एन घेताना ५० ओहमचाच (हा केबलचा अवरोध; कनेक्टरचाही तोच हवा) आहे ना, हे विचारा. ७५ ओहमवाल्याचं मधलं छिद्र बारीक असतं. त्यात ५० ची जाड पिन घुसवली की आतल्या पाकळ्या फाकतात, त्या पुन्हा मिटत नाहीत.