रीस्टार्टचा चोर सापडला, आणि तो एसएमपीएस नाही!

तर मंडळी, आपोआप रीस्टार्ट होणारा माझा कॉम्प्युटर एकदाचा सरळ चालतोय आणि खिशातून एक रुपया गेलेला नाही. ६५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) कार्टमध्ये टाकून ठेवला होता, तो आज काढला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, मधेच खटकन रीस्टार्ट, ब्लू स्क्रीन नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद आणि बगचेककोड ०, म्हणजे क्रॅशचा कोड नोंदलेलाच नाही. आता हे ४१ म्हणजे विंडोज नीट शटडाऊन झालं नव्हतं एवढंच, त्याच्यापुढे ते काही सांगत नाही, पण ४१ दिसला रे दिसला की जो तो एसएमपीएस बदल म्हणून मोकळा. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने तर साइड पॅनलही न उघडता बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही 'गेलेत' म्हणून सांगितलं. धन्य!

एसएमपीएस मोजला. पिवळ्या (१२ व्होल्टच्या) वायरवर १२.०८, गेम चालू असताना ११.९१, आणि १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं म्हणजे ११.४ पर्यंत टेन्शन नाही. (मोजायच्या आधी मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी बघा, ती उतरली की स्वस्तातले पिवळे मीटर आकडा फुगवून सांगतात. आणि ते एलईडीवाले एसएमपीएस टेस्टर घेऊ नका, लोडच नसेल तर सगळेच एसएमपीएस गुणी दिसतात.) पण क्षणभराचा डिप मीटरला दिसत नाही, म्हणून मित्राचा एसएमपीएस आणून लावला. तरी रीस्टार्ट. रात्री मेमटेस्ट८६ (पेन ड्राइव्हवरून चालणारी रॅमची टेस्ट) लावून झोपलो, सकाळी एरर शून्य, पण पास काउंट (टेस्टच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा) बघतो तर परत पहिल्यापासून चालू! म्हणजे रात्रीत गडी स्वतःच रीस्टार्ट होऊन पेन ड्राइव्हवरून पुन्हा बूट झालेला. मेमटेस्टला यातलं काहीच लागत नाही, म्हणून विंडोज, ड्रायव्हर, एसएसडी सगळे तिथेच संशयातून सुटले. मग नुसती बायोसची (बोर्डाच्या सेटिंगची) स्क्रीन उघडी ठेवली, तिथेही तेच.

खरा क्लू दिला महावितरणने. गुरुवारी लाईट गेली (यूपीएस माझ्याकडे नाही, माहितीये, बोलू नका) तेव्हा साइड पॅनल उघडंच होतं, कूलरचा फॅन हळूहळू होत थांबला. संध्याकाळी रीस्टार्ट झाला तेव्हा मुद्दाम बघत बसलो होतो, तर फॅन थांबलाच नाही, स्क्रीन काळी होऊन थेट लोगो. म्हणजे पॉवर जातच नव्हती, कोणीतरी रीसेट मारत होतं. प्रोसेसरने स्वतःहून मारला असता तर बहुतेक वेळा डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअर एररची नोंद) लॉगमध्ये सापडतो, इथे एकही नाही. मग उरलं कोण? कॅबिनेटचं रीसेट बटण!!

फ्रंट पॅनल हेडरच्या (कॅबिनेटच्या बटणांच्या वायरी बोर्डाला जिथे जोडतात त्याच्या) ५ आणि ७ नंबर पिनवरून रीसेटची वायर उपटली आणि मेमटेस्ट परत लावला. सकाळी पास काउंट जिथे असायला हवा तिथे. ते बघून जो आनंद झाला तो नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊनही झाला नव्हता. मग उपटलेल्या वायरवर मीटर लावला, बटण न दाबता ओपन (म्हणजे जोडणी तुटलेली) दाखवायला पाहिजे, तर इथे कधी काही किलो-ओहम, कधी २०० ओहमच्याही खाली, आणि वरच्या पॅनलवर अंगठा टेकवला की आकडा नाचतो. उघडलं तर स्विचच्या पायांवर हिरवट-पांढरा थर. कॅबिनेट खिडकीला लागून, पावसाळाभर खिडकी अर्धवट उघडी, वर या कंपनीने स्विचही अगदी दोन रुपयातले टाकलेत. काचेचं पॅनल आणि आरजीबीवर पैसे उधळायचे आणि जे रोज दाबायचं त्यात कंजूषी.

पॉवरचं बटण त्याच छोट्या पट्टीवर आहे, म्हणजे तेही आज ना उद्या जाणारच, आणि ते चार सेकंद चिकटून राहिलं तर मशीन थेट बंद. त्यामुळे रविवारी पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ६ बाय ६ चे टॅक्ट स्विच (छोटी दाबायची बटणं) आणून दोन्ही बदलायचं ठरवलं होतं. पण हे टाइप करताना सुचलं, दाराच्या बेलचा स्विचही दाबेपर्यंतच जोडतो, सोडला की सुटतो, पॉवर बटणाच्या ६ आणि ८ नंबर पिनला नेमकं तेवढंच लागतं. टेबलाखाली बेलचं बटण ठोकायचं आणि कॅबिनेट खिडकीपासून लांब कोपऱ्यात! टॅक्ट स्विच कॅन्सल, आता इलेक्ट्रिकल सामानाच्या तापकीर गल्लीतून बेल स्विच. दोन मीटर साधी ट्विस्टेड वायर चालेल ना, की शील्डेड (बाहेरून धातूची जाळी असलेली) लागेल? कोणी केलं असेल तर रविवारच्या आत सांगा.