केनेसेथ एलियाहू सिनेगॉग : काळा घोडा ते भायखळा, एका भेटीचा वृत्तांत

काळा घोडा परिसरात येणारे बहुतेक पर्यटक जहांगीर कलादालन आणि वस्तुसंग्रहालय पाहतात, वेळ उरला तर डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर विसावतात आणि परत फिरतात. ‘ऱ्हिदम हाउस’ या संगीताच्या बंद पडलेल्या दुकानाजवळच्या गल्लीत, म्हणजे पूर्वीच्या फोर्ब्स स्ट्रीटवर आणि आताच्या व्ही. बी. गांधी मार्गावर, गडद निळ्या-पांढऱ्या रंगाची जी देखणी इमारत दिसते, तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढणारेही पुष्कळ असतात. मात्र आत जाऊन, जिना चढून, मुख्य प्रार्थनागृहात थोडा वेळ बसणारे त्या मानाने थोडे. वास्तविक केनेसेथ एलियाहू या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे, खरे वैभव दर्शनी भागात नसून वरच्या मजल्यावर आहे. तेही घाईने पाहिले तर ‘सुंदर रंगीत काचा’ एवढीच आठवण हाती लागते. म्हणून या वृत्तांतात आम्ही काय पाहिले याबरोबर ते कसे पाहावे, हेही जरा विस्ताराने लिहिले आहे.

पोहोचणे अवघड नाही. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांपैकी कोणत्याही स्थानकावरून पंधरा-वीस मिनिटांत चालत येता येते, आणि भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक तर याहून जवळ आहे. स्वतःचे वाहन आणण्याचा मोह टाळलेला बरा, कारण या भागात गाडी उभी करण्यास जागा मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाच्या दिवसांत येथील रस्त्यांवर पाय ठेवण्यास जागा नसते. ज्यांना वास्तू शांतपणे पाहायची आहे त्यांनी तो आठवडा वगळावा.

दाराशी पोलिसांचा पहारा असतो. 2008 साली कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर शहरातील ज्यू स्थळांच्या सुरक्षेत कोणतीही ढिलाई ठेवली जात नाही आणि ते योग्यच आहे. शासनाने दिलेले छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशी पाहुणे सोबत असतील तर त्यांचा पासपोर्ट हवा. मोठ्या पिशव्या आणि पाठपिशव्या शक्यतो आणूच नयेत, म्हणजे तपासणीत वेळ जात नाही. आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका कुटुंबाला ओळखपत्राची मोबाइलमधील छायाचित्रे दाखवून भागेल असे वाटत होते, आणि त्यांची समजूत काढण्यात पहारेकऱ्यांचा बराच वेळ गेला. छायाचित्रणासाठी आधी परवानगी घ्यावी लागते आणि त्याचे शुल्कही असू शकते. ते आत शिरतानाच विचारून घ्यावे, म्हणजे वर गेल्यावर संकोच वाटत नाही.

दिवस निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो. त्या काळात हे प्रार्थनेचे स्थान असते, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. त्यामुळे शुक्रवारची दुपार आणि पूर्ण शनिवार सोडून द्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पूर आणि सुक्कोथ हे सण ओळीने येतात, तर मार्च-एप्रिलमध्ये पेसाह असतो. ज्यू पंचांग चांद्र-सौर असल्याने या सणांच्या इंग्रजी तारखा आपल्या गणपती-दिवाळीप्रमाणेच दरवर्षी मागेपुढे होतात. निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात. दिवसातील वेळेबद्दल विचाराल तर दुपारनंतर जावे असे आमचे स्पष्ट मत आहे. जेरुसलेम भारताच्या पश्चिमेला असल्यामुळे प्रार्थनागृहाचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि धर्मग्रंथ ठेवण्याच्या पवित्र कपाटावरच्या रंगीत काचाही त्याच बाजूला आहेत. सूर्य कलू लागला की प्रकाश नेमका तेथून आत येतो. सकाळच्या भेटीत या काचांचे निम्मे सौंदर्य हरवते.

प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर असल्याने जिना चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी तेवढी तयारी ठेवून यावे. पुरुषांनी आत जाताना डोके झाकणे अपेक्षित आहे. किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, तेथे मिळू शकते, पण साधी टोपी किंवा मोठा रुमाल जवळ असला तर कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. पादत्राणांविषयी काळजीवाहक सांगतील तसे करावे.

आत गेल्यावर लगेच काचांकडे न पाहता आधी मधोमध असलेला उंच चौथरा पाहावा. त्याला तेबा म्हणतात. हे सिनेगॉग बांधणाऱ्या, बगदादहून आलेल्या ज्यूंच्या परंपरेत तेबा सभागृहाच्या मध्यभागी असते, तोरा या ज्यू धर्मग्रंथाचे पठण तेथून होते आणि भक्त तिच्या सभोवती बसतात. त्यामुळे येथे चर्चसारखे एका टोकाला व्यासपीठ आणि समोर श्रोते अशी रचना नाही, तर पठणाचा आवाज माणसांच्या मधूनच उठतो. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे सेफेर तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे पवित्र कपाट आहे. या गुंडाळ्या चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या असतात. युरोपातील ज्यू त्यांना कापडी आवरणात ठेवतात आणि आडव्या उलगडून वाचतात, तर बगदादी प्रथेप्रमाणे त्या लाकडाच्या किंवा चांदीने मढवलेल्या उभ्या पेटीत राहतात आणि पठणही पेटी उभी ठेवूनच होते. हेखालासमोरचा पडदा कोणीही हाताने बाजूला करू नये. प्रार्थनेच्या वेळीच तो सरतो आणि त्या क्षणी सगळे उठून उभे राहतात. हेखालाजवळ नेर तामीद, म्हणजे अखंड तेवणारा दिवा असतो. वर खांबांवर तोललेली गॅलरी स्त्रियांसाठी आहे. जुन्या सनातनी सिनेगॉगमध्ये स्त्री-पुरुष वेगळे बसत, त्याची ती खूण.

एवढे समजून घेतल्यावर मग काचांकडे वळावे. त्यांत कोठेही मनुष्याकृती नाही, कारण प्रार्थनास्थळात मूर्ती वा प्रतिमा ज्यू धर्माला चालत नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील चर्चच्या काचांवर ज्या कौशल्याने संतांच्या आणि देवदूतांच्या आकृती घडवल्या जात, तेच कौशल्य येथे निव्वळ रंग, वेलबुट्टी आणि भूमिती यांत वापरलेले आहे. आम्हांला हे फार मोहक वाटले. खांब आणि नक्षी पाहताना ध्यानात येते की, वास्तुविशारद गोस्टलिंग आणि मॉरिस यांनी इमारतीला कपडे इंग्रजी चढवले असले तरी तिचा सांगाडा पूर्णपणे ज्यू धर्मविधींच्या गरजेने ठरलेला आहे.

ही वास्तू 1884 साली जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी आपले वडील एलियाहू, म्हणजे एलियास डेव्हिड ससून, यांच्या स्मरणार्थ उभारली. एलियास हे डेव्हिड ससून यांचे दुसरे चिरंजीव. बगदादच्या शासकाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून बुशेहरमार्गे 1832 साली मुंबईत आले आणि कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. एलियास तरुणपणीच चीनमध्ये गेले, वडिलांच्या पश्चात त्यांनी थोरल्या भावापासून वेगळे होऊन 1867 साली स्वतःची पेढी काढली, आणि 1880 साली कोलंबोत त्यांचे निधन झाले. सिनेगॉगच्या सौंदर्याबद्दल भरभरून लिहिणारे पुष्कळ लोक अफूचा उल्लेख गिळून टाकतात, ते आम्हांला पटत नाही. या शहराची ग्रंथालये, रुग्णालये, गोद्या आणि प्रार्थनास्थळे ज्या पैशातून उभी राहिली, त्यातील मोठा वाटा चीनला जाणाऱ्या अफूचा होता, आणि त्यात ससूनांप्रमाणेच पारशी, गुजराती व इंग्रज व्यापारीही होते.

काही वर्षांपूर्वी ज्यांनी ही इमारत पाहिली असेल त्यांना ती फिक्या आकाशी रंगाची आणि बरीच जीर्ण अशी आठवत असेल. पावसाचे पाणी भिंतींत मुरत होते आणि जुनी रंगनक्षी नंतरच्या रंगांच्या थरांखाली गेली होती. संवर्धनतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला. त्यासाठी काळा घोडा असोसिएशन, जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांचे साहाय्य लाभले. 2019 साली ती पुन्हा खुली झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांमध्ये तिचा गौरवही झाला. नव्या गडद रंगाविषयी आमच्या सोबत्यांत मतभेद झाले. आमच्यापुरते सांगायचे तर बाहेरचा निळा रंग जरा भडक वाटतो, आतील काम मात्र संयमाने झालेले आहे.

येथून बाहेर पडल्यावर लगेच घरचा रस्ता धरू नये. चौकातील ज्या घोड्यामुळे या भागाला नाव मिळाले तोही ससूनांशीच जोडलेला आहे: पुढे सातवे एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा तो अश्वारूढ पुतळा डेव्हिड ससून यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी शहराला दिला आणि 1879 साली तो येथे बसवला गेला. 1965 मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. सध्या चौकात असलेला स्वाराविना घोडा 2017 सालचा आहे. आम्ही मूळ घोड्यामागोमाग भायखळ्याला गेलो, आणि ही जोडभेट सर्वांनी करावी असे सुचवतो, कारण भायखळा स्थानकाच्या पश्चिमेला, सर ज. जी. मार्गावर, डेव्हिड ससून यांनी 1861 साली बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. उंच घड्याळमनोऱ्याची ही इमारत केनेसेथ एलियाहूपेक्षा जुनी आणि अधिक ऐसपैस आहे. 1910 साली जेकब ससून यांनी तिचा विस्तार केला. आवारालगत ससूनांच्या नावाच्या शाळा आहेत. एके काळी तेथे ज्यू मुले शिकत, आज बहुतांश विद्यार्थी परिसरातील मुस्लिम कुटुंबांतले आहेत. येथेही ओळखपत्र आणि शब्बाथचे नियम तेच. मात्र पाहणारे कमी येत असल्याने कोणी दार उघडण्यास येईपर्यंत धीर धरावा लागतो. राणीची बाग स्थानकाच्या दुसऱ्या, पूर्वेकडील बाजूला आहे आणि बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

परंतु ससूनांची सिनेगॉग पाहून मुंबईचे ज्यू म्हणजे बगदादहून आलेले श्रीमंत व्यापारी असा समज करून घेतला तर ती मोठी चूक ठरेल. कोकणातल्या गावांत कित्येक पिढ्या तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे आणि घरी मराठी बोलणारे बेने इस्रायली हे महाराष्ट्राचे अधिक जुने ज्यू. दिवेकर, पेणकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावेच त्यांची गावे सांगतात. शहरातील पहिले सिनेगॉगही त्यांनीच उभारले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल एझकिएल दिवेकर म्हणूनही ओळखतात, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. तेथून सुखरूप सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली शार हाराहामीम सिनेगॉग बांधले, असे समाजात सांगितले जाते. मस्जिद बंदर स्थानकाजवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाचा आहे. पैशाने आणि गोऱ्या साहेबांच्या सहवासाने वरचढ ठरलेल्या बगदादी मंडळींनी या मराठी धर्मबांधवांना दीर्घ काळ बरोबरीने वागवले नाही. पुढे बगदादी कुटुंबे इंग्लंड, इस्रायल आणि अन्यत्र निघून गेली. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात आणि ससूनांच्या भव्य सभागृहांत ही संख्या आज भरते ती बहुधा बेने इस्रायलींमुळे. इस्रायलला झालेल्या स्थलांतरानंतर भारतात उरलेला हा समाज जेमतेम पाचेक हजारांचा आहे, आणि महाराष्ट्र शासनाने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

म्हणून वेळ असेल तर तिसरा टप्पा मस्जिद बंदरच्या शार हाराहामीमचा ठेवावा. तो परिसर घाऊक बाजाराचा आहे, हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, इमारतही बाहेरून चटकन ओळखू येत नाही. आत मात्र तेबा, हेखाल आणि वरची गॅलरी ही तीच मांडणी ससूनांच्या थाटाशिवाय पाहायला मिळते. रविवारी बाजाराची वर्दळ कमी असते, त्यामुळे तिन्ही ठिकाणे एकाच दिवशी करायची असतील तर रविवार सोयीचा: सकाळी मस्जिद बंदर, तेथून मध्य रेल्वेने भायखळा, आणि उन्हे कलायच्या सुमारास काळा घोडा. तिन्ही ठिकाणी प्रवेश मिळेल का, याची चौकशी आदल्या दिवसांत करून ठेवावी. शनिवारी ती करायला जाऊ नये, कारण त्या दिवशी सिनेगॉगच्या कारभाराची कामे बंद असतात.