कॅसेटवरचं नाव

दादा-वहिनीकडे टोकियोतल्या निशी-कासाईला पोचले त्या संध्याकाळी सई शाळेतून आली आणि मला थेट आमची सांगलीची शाळा आठवली. गडद निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले, कान मोकळे, नखं कापलेली. माझी ही भाची टोकियोतच जन्मली, वय पंधरा, शाळा पूर्ण जपानी. दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आत्या, रविवारी माझ्याबरोबर हाराजुकूला चल. तिथे मी अशी नसते."

रविवारी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा केसांत निदान तीस चिमटे होते. स्ट्रॉबेरी, तारे, अस्वलं, इंद्रधनुष्य. दोन पायांत दोन रंगांचे मोजे, गळ्यात प्लॅस्टिकच्या मण्यांच्या चार-पाच माळा. चालली की खुळखुळायची. या प्रकाराला 'देकोरा' म्हणतात, म्हणजे सजवणं, आणि सजवताना थांबायचं नाही हा त्यातला मुख्य नियम. वहिनीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता थालीपिठांचा डबा माझ्या हातात दिला.

तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे बदलून चियोदा लाइनने मेजी-जिंगूमाए. डब्यात नेहमीसारखी शांतता. सईकडे कोणी रोखून बघत नव्हतं, पण शेजारची जागा रिकामी राहिली. मी तिला शाळेबद्दल विचारलं. केस रंगवायचे नाहीत, कुरळे करायचे नाहीत. ज्यांचे मुळातच तपकिरी असतात त्यांनी तसं पालकांच्या सहीनिशी लिहून द्यायचं, अशीही पद्धत बऱ्याच शाळांत होती. असल्या नियमांना इथे 'बुराक्कु कोसोकु' म्हणतात, काळे नियम. ओसाकातल्या एका मुलीचे केस जन्मतः तपकिरी होते. ते पुन्हा पुन्हा काळे करायला लावले म्हणून २०१७ साली ती कोर्टात गेली. २०२१ मध्ये कोर्टाने केसांचा नियम वैध धरला, पण शाळेने तिचं नाव वर्गाच्या यादीतून काढलं म्हणून तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली. त्यानंतर २०२२च्या एप्रिलपासून टोकियोच्या महानगर सरकारने आपल्या शाळांतले असले बरेच नियम काढून टाकले. सईची शाळा मात्र खासगी. तिथे अजून काळं म्हणजे काळंच.

दोन वेण्या आणि लाल रिबिनी घालून दहा वर्षं काढलेली मी. मला तिचे तीस चिमटे तेव्हा कळले.

हाराजुकूला उतरून आधी जिंगू पुलावर गेलो. एका बाजूला मेजी देवस्थानाची गर्द झाडी, दुसऱ्या बाजूला बाजार. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांत दर रविवारी या पुलावर काळ्या झालरींचे फ्रॉक घातलेल्या मुली आणि चेहरा पांढरा रंगवलेले, रॉक बँडच्या गायकांसारखे नटलेले मुलगे जमायचे. आम्ही गेलो तेव्हा मोजून चौघीजणी होत्या. त्याआधीचा जमाव आणखी मोठा. १९७७ पासून इथला रस्ता रविवारी गाड्यांना बंद व्हायचा आणि मुलं रस्त्यातच नाचायची. ताकेशिता गल्लीत १९७८ साली 'ताकेनोको' नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोवळा कोंब. तिथले ढगळ, भडक गुलाबी-जांभळे झगे घालून नाचणाऱ्या मुलांचं नावच 'ताकेनोको-झोकू' पडलं, कोंबांची टोळी. १९९८ मध्ये रस्त्याची ही रविवारची सुट्टी बंद झाली.

एक टोळी मात्र टिकून आहे. योयोगी पार्कच्या दारात चामडी जॅकेटं घालून, केसांना तेल लावून कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केलेले पुरुष टेपवर रॉक अँड रोल लावून नाचत होते. साठीला आलेले असतील. नाचून नाचून बूट फाटतात म्हणून त्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली. पिवळ्याधमक गिंको झाडांखाली बसून आम्ही थालीपीठ खाल्लं आणि तासभर त्यांना पाहिलं. तरुणपणी यांना घरचे काय काय बोलले असतील! आणि तरी हे चाळीस वर्षं येत राहिले. मला ते फार थोर वाटले.

ताकेशिता गल्ली जेमतेम साडेतीनशे मीटर, पण पार करायला पाऊण तास लागला. क्रेप नावाच्या गोड धिरड्यांचा वास, पर्यटकांची रेटारेटी, स्वस्त मोजे. इथे थांबण्यासारखं आता कमी आहे. पण बाहेर पडून मागच्या शांत गल्लीत वळलो तर पुलावरच्या चौघींपैकी एक समोरून आली. फिकट निळा फ्रॉक, आत पेटीकोट इतका फुललेला की फ्रॉक घंटेसारखा दिसत होता, डोक्याला लेसची पट्टी, हातात छत्री. याला 'लोलिता' म्हणतात. युरोपातल्या जुन्या बाहुल्यांसारखा हा पेहराव, आणि यात पुरुषांना रिझवण्याचा हेतू अजिबात नाही. उलट, ज्या वयात 'आता बाईसारखी वाग' असं सांगितलं जातं त्या वयात बाहुलीचा फ्रॉक घालून रस्त्यावर यायचं, हेच यातलं बंड. सईने फोटोची परवानगी विचारली. तिने मान डोलावली आणि मी फ्रॉककडे निरखून बघते आहे हे लक्षात येताच कडेची शिवण उलटून दाखवली. स्वतः शिवलेला होता! टाके इतके बारीक की माझ्या आईनेही वाखाणले असते.

या फ्रॉकांच्या नामांकित दुकानांतल्या किमती विद्यार्थिनींना झेपण्यासारख्या नसतात. म्हणून 'गॉथिक अँड लोलिता बायबल' हे नियतकालिक २००१ पासून फ्रॉक बेतायचे आराखडेही छापायचं. आपल्याकडे बायका एकमेकींची पेपर कटिंग नेतात, तसंच. आराखडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, कापड आणि मेहनत ज्याची त्याची. हाराजुकूची सगळी फॅशन मला अशीच उसनवारीने वाढलेली दिसली. एकीने मोज्यांची जोडी मुद्दाम बिघडवली, दुसरीने ती उचलून त्यावर घुंगरू लावलं. 'फ्रूट्स' मासिकाचे शोइची आओकी १९९७ पासून याच गल्ल्यांतल्या मुलामुलींचे फोटो छापत होते. २०१७ मध्ये त्यांनी छापील मासिक बंद केलं, टिपण्याजोगी पोरं आता दिसत नाहीत म्हणून. सईला हे सांगितलं तर ती रागावली. "मी दिसते की," म्हणाली.

हाराजुकूहून शिबुया यामानोते लाइनवर एकच स्टेशन, आम्ही चालत गेलो. समोर ती गोल चकचकीत इमारत, १०९. जपानीत दहाला 'तो' आणि नवाला 'क्यू', म्हणून १०९ म्हणजे तोक्यू, इमारतीच्या मालक कंपनीचं नाव. १९७९ साली उभी राहिलेली ही इमारत नव्वदच्या दशकात 'ग्यारू' मुलींची पंढरी झाली. इंग्रजीतल्या 'गॅल'चा, म्हणजे पोरीचा, जपानी उच्चार तो ग्यारू. केस तपकिरी-सोनेरी, शाळेचा स्कर्ट वर दुमडून आखूड केलेला, पोटऱ्यांवर चुण्याचुण्यांचे ढगळ पांढरे मोजे, आणि ते घसरू नयेत म्हणून पायाला लावायचा खास डिंक. १९९५ पासून 'एग' मासिक त्यांचंच. पुढे काही जणींनी चेहरा गडद तपकिरी रंगवला आणि डोळ्यांभोवती, ओठांवर पांढरं लावलं. लोकांनी त्यांना 'यामान्बा' म्हटलं, डोंगरातली हडळ. त्यांनी ते नाव आनंदाने मिरवलं.

"गोरेपणा सात दोष झाकतो" अशी जपानीत जुनी म्हण आहे. इरो नो शिरोइ वा शिचिनान काकुसु. गोऱ्या सुनेच्या जाहिराती वाचत वाढलेल्या मराठी मुलीला यावर वेगळं काही समजावून द्यायला नको. ती म्हण जिथे आजीपासून नातीपर्यंत पोचली, तिथे शाळकरी पोरींनी भर चौकात तोंड सावळं करून उभं राहावं, ही साधी नटण्याची हौस नव्हती. शिबुयाच्या त्या चौकात मी बराच वेळ उभी राहिले ते त्यांच्यासाठी. सावळी म्हणून मी काय काय ऐकलंय ते सईला तिथेच पहिल्यांदा सांगितलं.

१०९ जवळच्या एका गेम सेंटरात आम्ही 'पुरिकुरा' काढला. यंत्रात शिरायचं, फोटो काढायचा, त्यावर पडद्यावर रंगवायचं, छोटे छोटे स्टिकर छापून बाहेर येतात. ही कल्पना अॅटलस या गेम कंपनीतल्या एका महिला कर्मचाऱ्याची, आणि अॅटलस-सेगाने १९९५ मध्ये पहिलं यंत्र आणलं. ग्यारू मुलींनी ते डोक्यावर घेतलं. स्टिकर कात्रीने कापायचे, मैत्रिणींत वाटायचे, वहीत चिकटवायचे. अंधाऱ्या गेम सेंटरांत तोवर मुख्यतः मुलगे असायचे, या पोरींनी ती जागा आपली करून घेतली. सईने आमच्या सोळा स्टिकरांपैकी आठ मोजून मला दिले.

दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी काढली. त्याला मला अकिहाबाराला न्यायचं होतं. तोझाई लाइनने कायाबाचो आणि पुढे हिबिया लाइन. जुन्या खेळांच्या एका दुकानात, अरुंद जिन्याने वर, भिंतभर फॅमिकॉमच्या कॅसेटी. निन्टेंडोचा हा लाल-पांढरा खेळ १९८३च्या जुलैत आला. आणि गंमत म्हणजे जपानीतही कॅसेटला 'कासेत्तो'च म्हणतात.

आमच्याकडे सांगलीत त्याचीच नक्कल होती. नक्कल आहे हे कुठे माहीत होतं! बाजारातून बाबांनी आणलेला 'टीव्ही गेम', बरोबर पिवळी कॅसेट, त्यावर लाखो खेळांचा आकडा, आत खरे खेळ पाच-सहाच, तेच फिरून फिरून. पुढे दादा कॉलेजात गेल्यावर कॅफेतून सीडीवर खेळ भरून आणायचा, तीस रुपयांत तीन. तो खेळ कोणी बनवला, त्याचे पैसे कोणाला पोचले, असा विचार आमच्या गल्लीत कोणाच्याही मनात आला नाही. आज दादा स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्या सीड्यांची त्याला खरोखर खंत वाटते. दुकानात उभं राहून तो हे सगळं हळू आवाजात बोलला.

मग त्याने मला विनीची गोष्ट सांगितली. २००२ मध्ये इसामु कानेको या प्रोग्रामरने विनी नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं. त्यातून लोक नाव न कळता एकमेकांना फायली देत, आणि त्यांत विकतचे खेळही भरपूर असत. २००३च्या नोव्हेंबरात क्योतो पोलिसांनी विनी वापरणाऱ्या दोघांना पकडलं. त्यातला एक १९ वर्षांचा मुलगा होता, निन्टेंडोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्राचे खेळ वाटले म्हणून. २००४च्या मे महिन्यात खुद्द कानेकोंना अटक झाली. तेव्हा ते टोकियो विद्यापीठात शिकवण्याच्या कामाला होते. २००६ मध्ये १५ लाख येन दंड, २००९ मध्ये ओसाका उच्च न्यायालयात निर्दोष, २०११च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाकडून त्यावर शिक्कामोर्तब. आणि २०१३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते गेले. साडेसात वर्षं कोर्टात, मग दीड वर्ष मोकळी. "सुरी बनवणाऱ्याला धरलं," दादा म्हणाला. मलाही तसंच वाटतं. खेळ चोरून वाटणं चूक, आणि कानेकोंना गुन्हेगार ठरवणं त्याहून मोठी चूक. आज इथे कायदा कडक आहे. चोरून चढवलेला खेळ जाणूनबुजून उतरवणंही २०२१च्या जानेवारीपासून बेकायदा आहे.

पण वाटून घेण्याची भूक काही वाईट नव्हे, आणि ते एके काळी निन्टेंडोलाही ठाऊक होतं. १९८६ मध्ये त्यांनी फॅमिकॉमसाठी डिस्कचं यंत्र काढलं. तीच डिस्क दुकानात न्यायची, ५०० येन द्यायचे, जुना खेळ पुसून नवा भरून मिळायचा. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडायचं, बनवणाऱ्यालाही पैसे जायचे. आणि आम्ही ज्या दुकानात उभे होतो तेही एका निकालावर उभं आहे. गेम कंपन्यांना वापरलेल्या खेळांची विक्री थांबवायची होती. २००२च्या एप्रिलमध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा विकलेली प्रत पुढे विकायला हरकत नाही. विकत घेतलेली कॅसेट माझी, मी ती मैत्रिणीला देईन. सईचे खेळ सगळे डाउनलोड केलेले. ते दप्तरात घालून शेजारी नेता येत नाहीत, वीस वर्षांनी अशा फळीवरही सापडणार नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या खेळयंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली, तेव्हा फक्त तिथेच मिळणारे खेळ विकत घ्यायची सोयच संपली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खालच्या टोपलीत स्वस्तातल्या कॅसेटी होत्या, मळलेल्या, लेबलं फाटलेल्या. मी उलटून पाहिलं तर बऱ्याच कॅसेटींच्या पाठीवर मार्करने नावं लिहिलेली. मित्राकडे दिली की परत यावी म्हणून. अशा नावांच्या कॅसेटी गोळा करून मूळ मालकांना परत पोचवणारा एक संग्राहकच जपानात आहे, असं दादा म्हणाला. आमच्या पिवळ्या कॅसेटवरही मागे लिहिलेलं होतं, दादाच्या अक्षरात, दोघांची नावं आणि '५ वी ब'. ती सहा घरं फिरून यायची.

मला सुपर मारिओची एक मिळाली, ४८० येनला. नाव पुसट झालं होतं. पण त्याखाली काय लिहिलंय ते मलाही लागलं, कारण आकडे ओळखीचेच होते आणि अक्षरं दादाने सांगितली: ३ री, दुसरी तुकडी. गल्ल्यावर पैसे दिले. पिशवीत टाकण्याआधी दादाने कॅसेट माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि खालच्या फटीत जोरात फुंकर मारली. गल्ल्यावरचा पांढऱ्या केसांचा माणूस हसला, आणि त्याने हवेत तशीच फुंकर मारून दाखवली.