आठ सेकंदांत न ओळखले गेलेले गाणे

न्यू जर्सीच्या मध्यभागातील एका लहानशा एफएम केंद्रात 2001 साली मी संगीत विभागाची साहाय्यक म्हणून काम करीत होते. सांगलीत सासूबाई शेजारणींना ‘आमची सून अमेरिकेत रेडिओवर असते’ असे अभिमानाने सांगत, आणि ते ऐकून मला नेहमीच संकोच वाटे, कारण तिथल्या चार वर्षांत मी मायक्रोफोनसमोर एक अक्षरही बोलले नव्हते. माझे काम लॉग तयार करण्याचे होते. दिवसाच्या चोवीस तासांत कोणते गाणे कितव्या मिनिटाला वाजेल, कोणत्या दोन गाण्यांमध्ये जाहिराती येतील, सकाळी आठला वाजलेले गाणे पुन्हा सकाळी आठला यायला किती दिवस जावे लागतील, हे सगळे ‘सिलेक्टर’ नावाच्या प्रणालीतून काढायचे आणि मग एकेक ओळ डोळ्यांखालून घालून हाताने दुरुस्त करायचे, असे ते काम होते.

आमचे केंद्र ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ प्रकारचे होते. या शब्दाला मला आजवर चांगला मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही. पंचवीस ते चोपन्न वयाच्या, त्यातही मुख्यतः स्त्रियांच्या, कानाला दिवसभर न टोचणारे संगीत, असे त्याचे व्यावहारिक वर्णन करता येईल. दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात, बँकेच्या काउंटरमागे, शाळेतून मुले आणायला निघालेल्या गाडीत जे चालू असते, ते हे. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाने या संगीताची वेगळी क्रमवारी जुलै 1961मध्ये ‘इझी लिसनिंग’ या नावाने सुरू केली आणि मधल्या काळात दोन-तीन नावे बदलून 1979 साली तिला आजचे नाव दिले. जुन्या याद्या चाळल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सत्तरच्या दशकात पहिल्या क्रमांकावरचे गाणे आठवड्या-दोन आठवड्यांत उतरे, त्यामुळे एका वर्षाच्या यादीत तीस-तीस गाणी सहज मावत. केंद्रांनी स्वतः कळवलेल्या आकड्यांऐवजी प्रक्षेपण ऐकून गाणी ओळखणाऱ्या यंत्रांची मोजणी 1993पासून वापरात आली आणि तेव्हापासून ही क्रमवारी अक्षरशः गोठली. सेलीन डिऑनचे ‘बिकॉज यू लव्ह्ड मी’ 1996मध्ये 19 आठवडे शिखरावर राहिले, फिल कॉलिन्सच्या ‘यू’ल बी इन माय हार्ट’ने 1999मध्ये तेवढेच आठवडे काढले, आणि पुढच्याच वर्षी सॅव्हेज गार्डनचे ‘आय न्यू आय लव्ह्ड यू’ 17 आठवडे वर होते.

याचे कारण अगदी साधे आहे आणि ते माझ्यासारख्यांच्या टेबलावर होते. केंद्रे कागदावर कळवत असत तेव्हा नव्या गाण्याला उत्साहाने एखादी जागा वर दाखवायला कुणाची हरकत नसे. यंत्र मात्र प्रत्यक्ष काय वाजले तेवढेच मोजते, आणि प्रत्यक्षात आम्ही श्रोत्यांना ओळखीचे झालेले गाणे हातचे सोडायला कधीच तयार नव्हतो. नवे गाणे लागले की बोट बटणाकडे जाते, ही आमच्या धंद्यातली पहिली भीती होती.

ओळख किती झाली हे आम्ही दूरध्वनीवरून तपासत होतो. संध्याकाळच्या पाळीतील दोन मुली लोकांना फोन करून एकामागून एक गाण्यांचे तुकडे ऐकवीत. तुकडा सुमारे आठ सेकंदांचा असे, त्याला ‘हुक’ म्हणत. ओळखीचे वाटते का, आवडते का, ऐकून कंटाळा आला का, असे तीन प्रश्न विचारले जात आणि त्यांची उत्तरे मंगळवारी सकाळच्या म्युझिक मीटिंगमध्ये माझ्यासमोर येत. मंगळवारीच कोणते गाणे वर चढवायचे आणि कोणते काढायचे हे ठरे.

त्या वर्षाची सुरुवात ‘एन्सिंक’ या गटाच्या ‘धिस आय प्रॉमिस यू’ने झाली होती. ते 13 आठवडे पहिले होते आणि शेवटी शेवटी मला त्याच्या पहिल्या दोन सुरांनीच कपाळात कळ येई. पुढे ली अ‍ॅन वोमॅकचे ‘आय होप यू डान्स’ शिखरावर आले, जे मुळात कंट्री केंद्रांवरून आमच्याकडे आलेले होते, आणि उन्हाळ्यात ‘पर्ल हार्बर’ चित्रपटातले फेथ हिलचे ‘देअर यू’ल बी’. हे सर्व अपेक्षेप्रमाणे चालले होते. या सगळ्यांच्या खाली, रात्री नऊनंतरच्या हलक्या रोटेशनमध्ये, म्हणजे क्वचित वाजणाऱ्या गाण्यांच्या गटात, आयर्लंडच्या एन्याचे ‘ओन्ली टाइम’ पडून होते. नोव्हेंबर 2000मध्ये आलेल्या ‘अ डे विदाउट रेन’ या अल्बममधले ते गाणे ‘स्वीट नोव्हेंबर’ या चित्रपटातही होते. मला स्वतःला ते फार आवडे. मात्र फोनवरच्या चाचणीत ते सतत नापास होत होते, कारण आठ सेकंदांत ओळखू येईल असा तुकडा त्या गाण्यात नव्हताच. सुरुवातीला बोटाने तार अलगद उचलून सोडावी तसे सूर, आणि मग एकाच बाईचा आवाज स्वतःवरच पुन्हा पुन्हा चढवून केलेला समूह. त्यातून कापायचे ते काय? ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी मी स्वतःच सुचवले की आता हे काढावे. प्रोग्राम डायरेक्टरने मान डोलावली. मी प्रणालीत त्याच्यासमोर ‘होल्ड’ लिहिले, हार्ड डिस्कवर जागा हवी होती म्हणून त्याचे ध्वनिमुद्रणही पुसले, आणि सीडी काढून टाकलेल्या गाण्यांच्या खोक्यात टाकून दिली.

11 सप्टेंबर हाही मंगळवारच होता. मीटिंग नऊला होती आणि ती झाली नाही. साडेनऊपर्यंत आम्ही संगीत आणि जाहिराती दोन्ही बंद करून आमच्या एका वृत्तकेंद्राचा आवाज जसाच्या तसा जोडून दिला होता. त्या दिवसाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही. आमच्या कामापुरते सांगायचे तर न्यूयॉर्कच्या अनेक दूरचित्रवाणी केंद्रांचे आणि काही एफएम केंद्रांचे अँटेना वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या, कोसळलेल्या, उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या माथ्यावर होते, त्यामुळे केबल नसलेल्या घरांतला पडदा अचानक मुंग्यांनी भरला आणि माणसे रेडिओकडे वळली. सलग तीन दिवस आमच्या केंद्राच्या नावावर एकाही गाण्याची नोंद झाली नाही.

शुक्रवारी, 14 तारखेला, राष्ट्रीय प्रार्थना आणि स्मरणाचा दिवस पाळण्यात आला. सकाळी रेल्वे स्टेशनजवळून येताना बाहेरच्या वाहनतळावर मंगळवारपासून उभ्या असलेल्या काही गाड्या मला दिसल्या. त्या न्यायला कुणी आले नव्हते. प्रोग्राम डायरेक्टरने मला बोलावून सांगितले, “संध्याकाळी सहापासून संगीत सुरू करू. यंत्राने काढलेला लॉग नको. तू प्रत्येक गाणे ऐक.”

आमच्या संग्रहात साडेचारशेच्या आसपास गाणी होती. सकाळी नऊला मी हेडफोन लावून बसले आणि पहिल्या तासाभरातच लक्षात आले की गाण्यांचे अर्थ माझ्या हाताखाली बदलत आहेत. उडण्याविषयीची, आगीविषयीची, कोसळण्याविषयीची गाणी बाजूला काढणे सोपे होते. पुढे काही दिवसांनी देशातील एका मोठ्या रेडिओ कंपनीच्या केंद्रांत दीडशेहून अधिक गाण्यांची अशीच यादी फिरली आणि तिच्यात ‘इमॅजिन’ व ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ ही गाणीही असल्याचे वाचून लोक चिडले. मी चिडले नाही. मी त्या खुर्चीत बसलेली होते, आणि तिथे बसल्यावर माणूस किती भितो हे मला ठाऊक होते.

सर्वांत जास्त वेळ मला ‘लोनस्टार’ या कंट्री गटाच्या ‘आय’म ऑलरेडी देअर’ने घेतला. घरापासून दूर असलेला बाप फोनवरून बायको-मुलांशी बोलतो, एवढाच त्याचा विषय आहे. चार दिवसांपूर्वी ते एक गोड गाणे होते. त्या शुक्रवारी, शेवटचे फोन कुणी कुणाला केले हे वर्तमानपत्रांत छापून येत असताना, ते कुणाच्या स्वयंपाकघरात कसे ऐकले जाईल याचा विचार करीत मी ते तीन वेळा ऐकले, एकदा ठेवले, एकदा काढले, आणि शेवटी काढूनच टाकले. तो निर्णय बरोबर होता असे मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. फेथ हिलचे गाणे मात्र ठेवले, कारण दुपारपर्यंत त्याच्यासाठी सतरा फोन आले होते आणि ते मोजायला मला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

दुपारी तीननंतर मात्र एक वेगळीच मागणी येऊ लागली. फोन करणाऱ्यांना गाण्याचे नाव सांगता येत नव्हते. ‘टीव्हीवर चित्रांच्या मागे लावतात ते’, ‘चर्चमधल्यासारखे आहे ते’, ‘एक बाई म्हणते, पण पुष्कळ बायका म्हणत असल्यासारखे वाटते ते’. स्वागतकक्षातील मुलगी चिठ्ठ्या लिहून माझ्या टेबलावर ठेवत होती आणि सातव्या-आठव्या चिठ्ठीपर्यंत मला काही उमगले नाही, याची आज लाज वाटते.

मग एक फोन तिने थेट माझ्याकडे वळवला. “तुमच्या देशाचे वाटतात,” एवढेच ती म्हणाली. पलीकडचे गृहस्थ न्यू जर्सीतल्याच एडिसन गावचे होते. माझे आडनाव ऐकताच ते इंग्रजी सोडून मराठीत आले.

“ताई, एक गाणं विचारायचं होतं. रागावू नका, मला नाव माहीत नाही.”

“अहो, रागावायचं काय त्यात? सांगा ना.”

“मी जर्सी सिटीत काम करतो, नदीच्या अलीकडच्या काठावर. मंगळवारी सगळं खिडकीतून दिसलं. तेव्हापासून घरी कुणी फारसं बोलत नाही. काल रात्री टीव्हीवर ते गाणं लागलं आणि आमची ही पहिल्यांदा रडली. ते परत लावता येईल का?”

मी म्हटले, चाल थोडी म्हणून दाखवा. ते क्षणभर थांबले, घसा खाकरला, आणि अगदी हळू, भजनाला सूर लावावा तसे, शब्दांशिवाय गुणगुणू लागले. वीस-पंचवीस सेकंद झाली असतील. पहिल्या आठ सेकंदांत मला काहीही कळले नाही, मग चाल वळली आणि मी ताठ बसले. ते मी काढून टाकलेले गाणे होते.

“हो, कळलं मला,” मी म्हटले, “सात वाजायच्या आत लावते. घरी सांगून ठेवा.”

फोन ठेवल्यावर मी सवयीने सिलेक्टरमध्ये शीर्षक टाकले. पडद्यावर माझ्याच हाताचे ‘होल्ड’ आले आणि त्याखाली, ‘ध्वनी उपलब्ध नाही’. सीडीचे कपाट संग्रहाच्या खोलीत होते. तिथे वर्णानुक्रमे लावलेल्या सीडींत ती नव्हतीच, कारण काढून टाकलेल्या गाण्यांचे खोके खाली जमिनीवर, जाहिरातदारांना भेट द्यायच्या कॉफीच्या मगांमागे होते. मी गुडघ्यांवर बसून एकेक पाकीट काढत गेले. सापडली तेव्हा तिच्यावर पिवळी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझे अक्षर: ‘ओळख कमी’. ती चिठ्ठी मी खिशात घातली, सीडीची मागची बाजू ओढणीच्या टोकाने पुसली आणि निर्मिती कक्षात जाऊन ते गाणे पुन्हा डिस्कवर घेतले.

पावणेसातच्या सुमारास ते वाजले. माझ्या विनंतीवरून निवेदकाने त्याआधी काही सांगितले नाही आणि नंतरही लगेच बोलला नाही; दोन-तीन सेकंदांची शांतता, जिला आमच्या धंद्यात अपराध मानतात, त्याने जाऊ दिली. दारात उभ्या असलेल्या प्रोग्राम डायरेक्टरने माझ्याकडे पाहून विचारले, “हे तूच काढलं होतंस ना?” मी हो म्हटले. तो म्हणाला, “मीही मान डोलावली होती.”

पुढचे सर्वांना माहीत आहे. अनेक केंद्रांनी बातम्यांतील आवाज मिसळून त्या गाण्याची आपापली रूपे वाजवली. एन्याने नंतर काढलेल्या नव्या आवृत्तीचे उत्पन्न अग्निशमन दलातील मृतांच्या कुटुंबांसाठी दिले. ‘बिलबोर्ड’च्या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या ‘हॉट 100’ क्रमवारीत ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि आमच्या अ‍ॅडल्ट कंटेम्पररी क्रमवारीत वर्ष संपण्यापूर्वी पहिले आले. डिसेंबरमध्ये 2001ची यादी टेबलावर आली तेव्हा मी ती नेहमीसारखी वाचली नाही. एन्सिंक, वोमॅक, हिल ही नावे आमच्यासारख्या केंद्रांनी महिनोन्‌महिने दररोज ठरवून वाजवून वर नेली होती, आणि एक नाव लोकांनी फोन करकरून आमच्याकडून वाजवून घेतले होते. छापील यादीत मात्र सगळे एकाच टंकात, एकाखाली एक होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गाणे रीतसर पुन्हा फोनच्या चाचणीत गेले. तुकडा तोच, आठ सेकंदांचाच. मंगळवारी संध्याकाळच्या पाळीतील मुलगी गुणांचा कागद घेऊन आली आणि मला म्हणाली की आकडे भरताना तिची अडचण झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात, जिथे ‘कंटाळा आला का’ याचे हो किंवा नाही लिहायचे असते, तिथे तिने बऱ्याच जणांपुढे काहीच लिहिले नव्हते. मी कारण विचारले. ती म्हणाली, “ते उत्तरच देत नाहीत. तुकडा संपला की म्हणतात, थांबवू नका, पुढे लावा.”