मुळं का कापतो, तुम्ही विचारलंत म्हणून

"जमिनीत का लावत नाही? कशाला त्या बिचाऱ्या झाडाचा छळ?" अंजिराची कुंडी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला हे विचारतो. दर काही वर्षांनी मी त्याची मुळंही कापतो हे कळलं की विचारणाऱ्याचा आवाज चढतो. जीव कसा होतो तुम्हाला, इथपर्यंत गोष्ट जाते. आजवर मी "जागा नाही" एवढंच सांगून विषय मिटवत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. पटलं नाही तरी चालेल, निदान ऐकून घ्या.

"ड्वार्फ जातीचं आहे ना, मग कापायची गरजच काय?" हे ठरलेलं पुढचं वाक्य. सफरचंदात झाड ठेंगणं ठेवणारे खुंट असतात. त्यावर कलम बांधलं की झाड किती वाढायचं ते खालची मुळंच ठरवतात. अंजिरात असे खुंट रूढ नाहीत. अंजिराची फांदी मातीत खोचली की ती स्वतःची मुळं फोडते आणि त्याच मुळांवर झाड उभं राहतं. 'लिटल मिस फिगी', 'पेटिट नेग्रा' अशा ज्या जाती ठेंगण्या म्हणून विकल्या जातात त्यांची पेरं आखूड असतात, वाढ सावकाश असते, झाड लहान असतानाच फळं धरतात. हे गुण खरे आहेत. पण मुळांना कोणी सांगितलेलं नसतं की आपण ठेंगण्या झाडाची आहोत. ती कुंडीभर होतात, तळाच्या भोकातून बाहेर डोकावतात आणि खाली माती सापडली तर थेट आत घुसतात. कुंडी उचलायला गेलात की मग कळतं, ती जमिनीला शिवली गेली आहे.

राहिला छळाचा आरोप. अंजीर मोकळ्या रानात वाढतं तेव्हाही ते पुष्कळदा खडकाच्या फटीत, कड्याच्या कपारीत उभं असतं. मुळांना जागा कमी आणि निचरा भरपूर, ही त्याची ओळखीची परिस्थिती आहे. थंड मुलखातले जुने माळी अंजीर जमिनीत लावतानासुद्धा सुमारे 60 सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेऊन त्याच्या बाजू लाद्यांनी बंद करत, आजही करतात. मुळं मोकाट सुटली की झाड नुसत्या फांद्या आणि पानं करत सुटतं, फळाचं नाव काढत नाही. तीच गत नत्र जास्त झाल्यावर होते. मुळं आवळली की पेरं आखूड होतात आणि पानाच्या बगलेत फळ लवकर बसतं. मुख्य बहर त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतो, म्हणून फुटीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडायचा. हे सगळं कुंडीत हाताशी असतं. मी काही शिक्षा म्हणून झाडाला कोंडलेलं नाही.

माझ्या ताईला मात्र हे कधीच पटलं नाही. आणि तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, कारण तिच्या अंगणातलं झाड माझ्याच झाडाचं सख्खं भावंड आहे. एकाच फांदीचे दोन तुकडे आम्ही एकाच दिवशी लावले. माझं कुंडीत, तिचं जमिनीत. माझ्या झाडाने दुसऱ्याच वर्षी फळं दिली. तिच्या झाडाने त्या काळात नुसती हाताच्या पंजाहून मोठी पानं केली. तेव्हा मी तिला फार ऐकवलं. पुढे तिचं झाड छपराच्या वर गेलं. आता त्याला फळं येतात, पण वरची पाखरांची, हाताला येतील तेवढी तिची. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. मान मऊ पडून फळ खाली झुकेपर्यंत ते झाडावरच राहावं लागतं, त्यामुळे पाखरांच्या आधी तोडून घ्यावं म्हटलं तर तेही जमत नाही.

हे झालं माझ्या बाजूने. आता तिच्या बाजूने सांगतो. ती घर बंद करून कितीही दिवस गेली तरी झाडाचं काही बिघडत नाही. ऐन उन्हाळ्यात त्याचं एक पान मान टाकत नाही. माझं झाड कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी पाणी पिऊन दुपारी पुन्हा तहानलेलं असतं. काळी कुंडी तापली की कडेची मुळं भाजतात, म्हणून कुंडीभोवती सावली करावी लागते. आम्हाला कुठे जायचं असेल तर आधी पाण्याची सोय लावायची, मग बाकीचं ठरवायचं. पूर्वी मी छाती ठोकून म्हणायचो, "कुंडीत झाडाला काहीही कमी पडत नाही." आता तसं म्हणत नाही. त्याला जे कमी पडतं ते मी भरून काढतो आणि एखाद्या दिवशी मी नसलो तर ते भरून निघत नाही.

ज्या दिवसामुळे हे सगळं लिहायला बसलो, त्या दिवसाबद्दल मी आजवर घराबाहेर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

झाड चाळीस लिटरच्या कुंडीत होतं. आधीच्या वर्षापासून काहीतरी बिनसलं होतं. वरून ओतलेलं पाणी क्षणात तळातून बाहेर पडायचं आणि मधला भाग कोरडाच राहायचा. पानं लहान येऊ लागली. फळं बोटाच्या पेराएवढी व्हायची आणि तशीच हिरवी गळून पडायची. स्मर्ना प्रकारच्या अंजिरात अशी गळ ओळखीची आहे, कारण त्या फळांना ब्लास्टोफॅगा नावाच्या इवल्याशा कीटकाने परागीभवन केल्याशिवाय ती टिकत नाहीत. आमचं झाड त्या प्रकारातलं नाही. त्याला फळ धरायला कीटक लागतच नाही, आणि आधी त्याने व्यवस्थित फळं दिली होती. म्हणजे दुखणं खाली होतं.

पानगळ पुरी झाली, फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, अजून मिटलेले होते, तेव्हा मी कुंडी आडवी केली. ताई आली होती. तिने बुंधा धरला, मी कुंडीच्या कडेने आतून जुनी सुरी फिरवली. गोळा हलेना. कुंडी चहूबाजूंनी ठोकली, पुन्हा सुरी फिरवली, शेवटी दोघांनी मिळून ओढलं तेव्हा तो सुटला. माती जवळजवळ नव्हतीच. फिकट तपकिरी मुळांचा एक घट्ट डेरा होता, कुंडीच्या तळाचा प्रत्येक खाचखळगा त्यावर उमटलेला. तळाला मुळं गोल गोल फिरून एकमेकांवर चढली होती. भोकांच्या जागी त्यांची बोटभर लांब बोंडं बाहेर आली होती.

तळाचा चार बोटं जाडीचा थर मी करवतीने सरळ कापून टाकला. मग बाजूंनी. करवत फिरली की अंजिराचं पान चुरगळल्यावर येतो तोच हिरवट वास यायचा. जाड मुळांच्या कापावर पांढऱ्या चिकाचे थेंब धरायचे आणि ओघळायचे. हातात मोजे होतेच. या चिकात फायसिन नावाचं प्रथिनं विरघळवणारं द्रव्य असतं, आणि चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर त्यातल्या सोरालेन या द्रव्यामुळे भाजल्यासारखे फोड येतात. पानं-फांद्या छाटताना तर मोज्यांशिवाय हात लावू नका, आणि मुलांना आसपास फिरकू देऊ नका.

बाजू तासून झाल्यावर बुंध्याजवळ ते मूळ दिसलं. अंगठ्याहून जाड, एका अंगाने निघून बुंध्याला जवळजवळ पूर्ण वेढा घातलेलं. जिथे ते बुंध्यावर दाबलं गेलं होतं तिथली साल खचली होती. झाड जसं जाड होणार तसा तो फास आवळत जाणार, हे उघड होतं. पण त्याच मुळाच्या टोकाला बारीक, पांढऱ्या, पाणी पिणाऱ्या मुळांचा सगळ्यात दाट झुपका होता. उरलेल्या गोळ्यातला चांगला भाग त्याच्यावरच जगत होता.

ताई म्हणाली, "बास झालं रे. एवढं राहू दे."

मी म्हटलं, "हे ठेवलं तर हेच त्याला मारेल."

"आणि कापलंस तर तू मारशील."

ती बुंधा सोडून आत निघून गेली. मी झाड मांडीला टेकवून धरलं आणि ते मूळ दोन ठिकाणी कापून वेढा काढला.

नंतरचं काम ठरलेलं. नवी माती, भरपूर निचऱ्याची: कुजलेलं शेणखत, माती, जाड वाळू, थोडं पेरलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). काठीने खोचून खोचून पोकळ्या भरल्या. मुळं कमी झाली म्हणून फांद्याही तिसऱ्या हिश्शाने मागे घेतल्या. एकदा भरपूर पाणी, मग माती सुकेपर्यंत नाही, आणि कुंडी सावलीत.

ताईचं झाड फुटलं. माझं फुटलं नाही. मी नखाने साल किंचित खरवडून पाहायचो, खाली हिरवं दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे खरवडायचो. पुढे सालीवर इतक्या खुणा झाल्या की घरच्यांनी मला अडवलं. ताईचा फोन यायचा, ती झाडाबद्दल विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. मग एका फांदीच्या शेंड्याचा डोळा फुगला, टोक हिरवं झालं, पाठोपाठ बाकीच्या फांद्यांचे डोळे. पण ते मूळ ज्या अंगाला होतं त्या अंगाची फांदी फुटली नाही. खाली हिरवं, वर तपकिरी, मग खालीही तपकिरी. झाडाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त फळं धरणारी फांदी होती ती. बुंध्यापासून कापावी लागली.

त्या वर्षी उरलेल्या फांद्यांवर पानं गडद आली. फळं धरली, नेहमीप्रमाणे मध्ये बराच काळ एकाच आकारात अडून राहिली, आणि मग थोड्या दिवसांत भराभर फुगून पिकली. एकही हिरवं गळलं नाही. म्हणजे मी बरोबर होतो का? झाड जिवंत आहे, फळं देतंय, फास सुटला आहे. पण ती बाजू अजून रिकामी आहे. तिथल्या सालीतून नवा डोळा फुटेल म्हणून वाट पाहिली, फुटला नाही. झाड एका अंगाला कललेलं दिसतं, आणि नेमकं ते पाहूनच तुम्ही मला छळाचा प्रश्न विचारता.

तेच मूळ पुन्हा समोर आलं तर कापेन का? पिकलेली फळं हातात असतात तेव्हा वाटतं, हो. इतर दिवशी वाटतं, निम्मंच कापलं असतं, उरलेलं पुढच्या वर्षी, तर कदाचित फांदी वाचली असती. कदाचित तोवर फास बसलाही असता. यातलं काहीच मला पडताळून पाहता येणार नाही, कारण झाड एकच आहे.

जे म्हणतात "निसर्गात सोडून द्या", त्यांना मला एक आठवण करून द्यायची आहे. पश्चिम आशियातल्या जेरिकोजवळच्या गिलगाल इथल्या एका जुन्या घराच्या अवशेषांत जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली, सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची. 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांच्यावर लेख आला. संशोधकांचा तर्क असा की ती परागीभवनाशिवाय धरलेली होती, म्हणजे त्यांत रुजणारं बी नव्हतं, आणि ती झाडं माणसांनी फांद्या लावून वाढवली असणार. या तर्कावर इतर अभ्यासकांनी हरकतीही घेतल्या आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी आपण लावतो ती बहुतेक अंजिरं अशीच फांदीवरून फांदी, हातोहात आलेली आहेत. कापणं त्यांना नवीन नाही. यावर ताई म्हणते, "हातांनी लावली, पण लावली तर मातीतच ना?" आणि इथे माझं बोलणं खुंटतं.

आता पुन्हा तीच लक्षणं आहेत. पाणी सरळ खाली जातंय, तळाच्या भोकांत मुळं दिसतायत. या वेळी झाड पूर्ण बाहेर काढायचं नाही असं मनात आहे. गोळ्यातून पाचरीसारखे तीन तुकडे कापून काढायचे, त्या जागी नवी माती भरायची, उरलेल्या मुळांना पुढच्या पानगळीपर्यंत हात लावायचा नाही. बुंधा आता जाड झालाय, कुंडी आडवी करणं मला एकट्याला झेपत नाही, तेव्हा ताईला बोलवावंच लागेल. ती म्हणते, येते, पण या वेळी झाड मला दे. तिच्याकडे दिवसभराचं ऊन आहे, निचऱ्याची माती आहे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मागच्या छाटणीतल्या फांदीचं एक रोप तयार आहे. नवी माती कालवून ठेवली आहे, पण ती या झाडासाठी की त्या रोपासाठी, हे ठरायचं आहे.